सभेचा नगारा वाजतो तेव्हा



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना संपल्यावर एका भगिनीने विचारले, "गुरुजी, घरादाराचा मोह धरू नये असं बुद्धांनी सांगितलं ना? मग आपली घरं पाडायला आले तर आपण का भांडायचं?" त्यांच्या घरात धम्मदीक्षा होऊन अजून दोन वर्षे झालेली नाहीत. प्रश्न अगदी प्रामाणिक होता. नव्याने धम्मात आलेल्या पुष्कळ घरांतून तो विचारला जातो, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

तथागतांनी घर सोडले ते स्वतःचे. दुसऱ्याचे घर मोडा, असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. घर नसावे हा नियम भिक्खूंचा आहे, तुमचा-माझा नाही. दीघजाणू नावाचा कोलिय एकदा त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगा. तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की घामाने मिळवलेले जपायला शीक. कोणापासून जपायचे तेही सांगितले : राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस. त्या यादीत राजाचे नाव चोराच्याही आधी आहे, हे नीट ध्यानात घ्या.

आता दुसरे शील पाहा. रोज सकाळी आपण म्हणतो की न दिलेले मी घेणार नाही. मुलांना आपण त्याचा अर्थ 'चोरी करू नये' एवढाच सांगतो. पण शब्द 'न दिलेले' असा आहे. फसवून घेतलेला अंगठा, मेलेल्या माणसाच्या नावाची सही, धाक घालून घेतलेला होकार, हे दिलेले आहे काय? झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ साली आली तेव्हा बिल्डरला वस्तीतल्या ७० टक्के कुटुंबांची संमती दाखवावी लागे. पुढे ही अट ५१ टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे बिल्डरच्या लेखी जमिनीखालोखाल किंमत कशाला असेल, तर तुमच्या सहीला. मुंबईत खार पूर्वेच्या गोळीबार वस्तीत खोट्या सह्यांनी संमती दाखवल्याची तक्रार रहिवाशांनी केली होती. तेथे पाडकामाच्या यंत्रापुढे बायाबापडे उभे राहिले. मे २०११ मध्ये मेधा पाटकरांनी तेथे नऊ दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे सरकारने चौकशीचे मान्य केले. केवळ न्यायालयावर विसंबून राहू नका, हेही सांगून ठेवतो. १९८५ साली फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि त्याच निकालात झोपड्या हटवायलाही वाट मोकळी ठेवली.

तेव्हा भगिनींनो, भांडायचे की नाही, हा प्रश्न उरत नाही. भांडण्यापुरते आपण एक राहिलो आहोत काय, हे मात्र विचारले पाहिजे.

मगधाच्या अजातशत्रूला वज्जींचे राज्य बुडवायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला भगवंतांकडे पाठवले. भगवंतांनी आनंदाला विचारले की वज्जी वरचेवर एकत्र जमतात काय, एकमताने बसतात आणि एकमताने उठतात काय? आनंद 'होय' म्हणाला. तर मग त्यांचा ऱ्हास व्हायचा नाही, असे भगवंत म्हणाले. वस्सकार हुशार होता, त्यातून त्याने उलटा धडा घेतला. पुढची हकीकत अट्ठकथेत आहे. राजाने हाकलून दिल्याचे सोंग करून तो वैशालीत राहिला आणि तेथल्या मुलांचा शिक्षक झाला. एका मुलाला बाजूला घेऊन तो विचारी, शेत नांगरतात ना रे? दुसरे मूल विचारी, गुरुजी काय म्हणाले? पहिले खरे ते सांगे. एवढेच विचारायला कोणी बाजूला नेते काय, असे म्हणून दुसरे विश्वास ठेवत नसे. अशी तीन वर्षे गेली आणि दोन वज्जी एका वाटेने चालेनासे झाले. मग अजातशत्रू चालून आला. सभेचा नगारा वाजला. लोक म्हणाले, जे मोठे आहेत, शूर आहेत, त्यांनी जावे. वेशीची दारे उघडीच राहिली.

ही कथा मी वर्गात सांगतो तेव्हा एका जागी माझा आवाज अडखळतो. वस्सकारही शिक्षकच होता.

२०१६ साली आमच्या वस्तीत बिल्डरची माणसे आली. त्यांच्यातला एक माझा जुना विद्यार्थी, बोलायला फार गोड. नव्या इमारतीत तळमजल्यावर विहार आणि मुलांसाठी अभ्यासिका देऊ, असे तो म्हणाला. मी भाळलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे वस्तीत कोणताही कागद आधी माझ्याकडे येतो. शेजारच्या मावशी संमतीपत्र घेऊन आल्या. मी पुढची बाजू वाचली : २६९ चौरस फुटांचे घर, दोन वर्षांत. "हरकत नाही, द्या अंगठा," म्हणालो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की संक्रमण शिबिरातल्या मुक्कामाला मुदत नाही. ते मी वाचले नाही. माझ्या शब्दावर आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांनी अंगठे दिले. उरलेली घरे आमच्याशी बोलेनाशी झाली. विहारात सभा बोलावली, तर एक बाजू म्हणाली, सह्या करणाऱ्यांनी जावे. दुसरी म्हणाली, न करणाऱ्यांनी जावे. पाडायला आले त्या सकाळी यंत्रासमोर सहा बाया बसल्या होत्या. सहाच.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खुसंघाला ठाऊक होते. ती रीत आम्ही उशिरा उचलली. आता वस्तीत आलेला कोणताही कागद एकट्याने वाचायचा नाही. तो रविवारी विहारात सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा, आणि कोणाची हरकत आहे काय, असे संघात विचारतात तसे तीन वेळा विचारायचे. सही त्यानंतर. फितूर म्हणून ज्यांना आम्ही बोललो त्यांच्या दारी जाऊन त्यांनाही बोलावले. काही आले, काही अजून येत नाहीत. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही निरोप दिला आहे.

मावशी अजूनही संक्रमण शिबिरातच राहतात. दोन बस बदलून त्या रविवारी येतात आणि पुढच्या रांगेत बसतात. मी कागद हातात घेतला की वंदनेनंतरच्या शांततेत त्यांचा आवाज येतो, "गुरुजी, मागली बाजू बी वाचा."