म्हणे, आजपासून बंद!

बस खाली. हसू नकोस. "सर, आजपासून गोळी बंद," हे मोठ्या तोऱ्यात सांगायला आलास आणि मी पाठ थोपटीन असं वाटलं होय?

खिशातली पट्टी काढ. काढ म्हणतो ना! कात्रीनं कापलेला तुकडा, चार गोळ्या, नावातलं नुसतं 'झोलाम' उरलंय. लाल चौकटीतला इशारा राहिला दुकानातच. अल्प्राझोलाम आहे ही. 2014 पासून एच-वन यादीत; चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि तुझं, डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं. तुझं लिहिलं? अकरा महिने जुन्या चिठ्ठीवर देतोय तो, आणि तू "ओळखीचाय सर" म्हणून कौतुक सांगतोस!

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक रोजची, तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर छातीतली धडधड आवरावी म्हणून ही दुसरी, पंधरा दिवसांपुरती. तू पहिली टाकलीस आणि हिलाच धरून बसलास. भिंत बांधायची सोडून परांचीवर बिऱ्हाड थाटलंस, गाढवा!

एकीनं भागेना म्हणून दोन, आता तीन. सकाळी आठला पाळी सुटली की गिळतोस. संध्याकाळी सातला निम्मी अजून रक्तात असते, आणि आठला तू एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभा. तुटलेला धागा जोडताना बोट कुठं आहे, कळतं तुला? गाठ मारायला मीच शिकवली, म्हणून विचारतोय. वर रविवारची बिअर. दोन्ही मिळून श्वास मंदावतो रे, झोपेतून उठायचा नाहीस. मालेगावात हिलाच 'कुत्ता गोळी' म्हणतात. तेही मागांचंच गाव.

आणि आता एकदम बंद! तुझ्या आजोळी, निजामाबादकडं, शिंदीत हीच पूड मिसळायचे. 2015 साली भेसळीवर बडगा आला, शिंदी आटली, आणि माणसं थरथरत, फिट येऊन, भ्रमिष्टासारखी बडबडत दवाखान्यात भरली. अंगाला सवय लागली की ती डॉक्टरांच्या हिशेबानं थोडी थोडी उतरवायची, महिने लागले तरी. मनानं तोडायची नाही, वाढवायचीही नाही.

आज खाडा. जॉबरला मी सांगतो. उद्या सकाळी सिव्हिलला, मानसोपचारच्या ओपीडीत. जुनी चिठ्ठी आणि ही पट्टी घेऊन. रात्री जीव घाबरला तर 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलतात. हात थरथरले, फिट आली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच सिव्हिल गाठायचं. आईला माहीत आहे का? मान वर कर.

आणि गाडीची किल्ली ठेव टेबलावर. रिक्षानं जा.