कोणाचीच सही नसलेला अन्याय

बंगळूर येथे माझ्या कामाच्या खोलीसमोर गेली दोन वर्षे एक बहुमजली इमारत उभी राहत आहे. तेथे घमेली वाहणाऱ्या स्त्रियांपैकी एकीस मी गाव विचारले. ती सेडमकडची निघाली. गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील. आपल्या घरांतील शहाबादी फरशी येते तो हा चुनखडीच्या दगडाचा प्रदेश. वाडी आणि सेडमच्या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. दगड आणि मनुष्य, दोघेही एकाच मातीतून शहराकडे निघतात. दगड भिंतीत बसतो. ती बाई पत्र्याच्या खोपटात राहते, आणि इमारत पुरी होताच ते खोपटही उठेल.

हा अन्याय आहे काय? असल्यास तो कोणी केला?

माझ्या बालपणी उत्तर सोपे होते. सिमेंट परमिटवर मिळे. वडिलांनी गिलाव्यासाठी दहा पोती मागितली होती. ती हाती येईपर्यंत दोन पावसाळे गेले. सिमेंटचे वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 1982 मध्ये काढला, तेव्हा मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. पुढच्याच महिन्यात नियंत्रण अंशतः आणि मार्च 1989 मध्ये पूर्णतः उठले. आज सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो, आणि पोते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. हा लाभ खरा आहे. परमिटच्या दिवसांसाठी हळहळणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु तेव्हा वाटप मनुष्य करीत असे, म्हणून त्यास जाब विचारता येई. आज वाटप किंमत करते. तीही नेहमी निष्पाप नसते. संगनमताबद्दल स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पण किंमत अगदी प्रामाणिक आहे असे धरले, तरी प्रश्न सुटत नाही. बाजाराच्या भाषेत मागणी म्हणजे गरज नव्हे, तर खिशात पैसा असलेली इच्छा. त्या भाषेत या बाईला घराची मागणीच नाही.

भाषांतर करताना एक हिब्रू शब्द मला वारंवार थांबवितो: होमेर. बाबेलच्या कथेत मराठीत त्यास चुना म्हणावे लागते. मिसरातील दास्याच्या वर्णनात चिखल. मिसरात हुकूम फारोचा होता. गवत बंद झाले आणि विटांची संख्या मात्र तीच राहिली, तेव्हा इस्राएलांचे मुकादम गाऱ्हाणे घेऊन थेट त्याच्यापुढे गेले. बाबेलच्या कथेत कोणा राजाचे नावच नाही. सारे एकमेकांना चला म्हणतात, आणि बुरूज चढू लागतो. तेथील गवंड्याने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे?

परवा त्या बाईने मला विचारले, या घरांत राहायला कोण येणार? ठाऊक नाही, असे मी म्हणालो. अशा पुष्कळ सदनिका केवळ गुंतवणूक म्हणून घेतात आणि कुलूप लावून ठेवतात, हे मी तिला सांगितले नाही.