तुपात डोकावता न येणारे

जैमिनींच्या पूर्वमीमांसेत, सहाव्या अध्यायात एक वाद आहे. यज्ञ करायचा अधिकार कोणाला? स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा, असं वेद सांगतो. आता स्वर्ग कोणाला नको असतो? आंधळ्यालाही हवा, पांगळ्यालाही हवा. यावर शबरस्वामींच्या भाष्यात येणारी हरकत अगदी व्यवहारी आहे. यजमानाने तुपात डोकावून बघायचं असतं, ते आज्यावेक्षण आंधळ्याला कसं जमणार? विष्णुक्रम नावाची पावलं टाकायची असतात, ती पांगळा कशी टाकणार? निकाल असा: ज्याचं व्यंग बरं होण्यासारखं आहे त्याने ते बरं करून घेऊन यावं, ज्याचं होणार नाही त्याला अधिकार नाही. विधीला हात लावायचा नाही, कारण वेद अपौरुषेय.

काचबिंदूने नजर खाल्ली नव्हती तोवर हा वाद मला पोथीतला वाटायचा. जामखेडला मराठी आणि संस्कृत शिकवण्यात माझी नोकरी संपली. आता मधोमध एका शब्दापुरती जागा दिसते, भोवती धुकं. वाचायचं ते फोन वाचतो. बोट फिरेल तसा त्यातला आवाज पडद्यावरचं सांगत जातो. एकदा बँकेचं केवायसी फोनवरच करायची वेळ आली. गोलात चेहरा धरा, डोळे मिचकावा. गोल कुठे ते मला दिसेना, आणि मिचकावलं तर यंत्राला पटेना. शेजारच्या पोराने माझी हनुवटी धरून इकडे-तिकडे फिरवली. मी म्हटलं, "हे आज्यावेक्षण आहे रे." तो म्हणाला, "सर, हलू नका."

हा प्रकार माझ्या एकट्याचा नव्हता. ॲसिडहल्ल्यात डोळे आणि चेहरा भाजलेल्या स्त्रिया आणि एक अंध याचिकाकर्ता याच मिचकावण्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची रीत बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. मीमांसकांच्या भाषेत सांगायचं तर न्यायालयाने विधीला हात लावला.

जैमिनींवर राग धरायचा नाही, असं मी ठरवलं आहे. त्यांनी निदान प्रश्न विचारला. कोणती क्रिया करायची, ती कोणाला जमणार नाही आणि का, हे समोर मांडून वाद घातला. आजची बहुतेक ॲपं बनवणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न उगवतच नाही. सगळ्यांना डोळे आहेत असं धरूनच ते सुरुवात करतात.

माझी भाची पुण्यात हाच प्रश्न विचारण्याचं काम करते. बातम्यांची, ऑडिओची, भक्तिगीतांची ॲपं लोकांच्या हातात देऊन ते कुठे अडखळतात हे बघायचं आणि कंपनीला सांगायचं. दिवाळीत ती आली आणि मला म्हणाली, "मामा, बसता का माझ्यासमोर?" फोनवर एक बातम्यांचं ॲप. काम एवढंच, की जिल्ह्याचं बातमीपत्र शोधून ऐकायचं आणि शोधताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलायचं. ती मदत करणार नाही, हूं की चूं करणार नाही. सुरू करण्याआधी ती एक वाक्य म्हणाली. ते या धंद्यात सगळेच म्हणतात म्हणे: "परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे."

बोट फिरवलं. फोन म्हणाला, बटण. पुढे, बटण. त्याच्या पुढेही बटणच. कशाचं बटण ते एकाही ठिकाणी नाही, कारण तिथे नुसती चित्रं होती आणि त्यांना कोणी नावच दिलं नव्हतं. मध्येच जाहिरात वर आली आणि बोट तिच्यात अडकलं. ती बंद करायची फुली म्हणजे आणखी एक बिननावी बटण. मी पुटपुटलो, "माझंच बोट जाड आहे." थोड्या वेळाने, "राहू दे, मला आता जमत नाही." भाचीचा पेन वहीवर चालल्याचा आवाज येत होता. काय लिहिलंस, असं नंतर विचारलं. तिने वाचून दाखवलं: ‘मामा ॲपची माफी मागतात.’ तिच्यासमोर बसणारी बहुतेक माणसं हेच करतात, असं ती म्हणाली. बटणाला नाव नाही, आणि लाजतो माणूस.

आयुष्यभर मी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. प्रश्नच चुकीचा निघाला, असं त्यात फार क्वचित झालं. म्हणून भाचीचं ते वाक्य मला साधं वाटलं नाही. उणीव वाचणाऱ्याची की ग्रंथाची, हा तोच जुना वाद तिने चार शब्दांत उलटा केला होता. आणि उलटा करणारी ती पहिली नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये म्हणजे 1290 साली हे झालं आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदाला चक्क कृपण म्हणतात. वेद श्रीमंत खरा, पण तीन वर्णांच्याच कानाला लागला; स्त्रिया आणि शूद्र तसेच राहिले. आपलं हे उणं भरून काढायला वेदच पुन्हा गीतेच्या रूपाने आला, असं ते सांगतात. बघा, उणं कोणाचं? वेदाचं. श्रोत्याने आधी लायक होऊन यावं, ही अट त्यांनी काढून टाकली आणि ग्रंथालाच श्रोत्याकडे चालायला लावलं. मला वाटतं, मराठी धर्मविचारातलं हे सर्वांत धाडसी विधान आहे. त्याच्याकडे आपण नुसतं काव्य म्हणून पाहतो.

जामखेडच्या माणसाला याचं दुसरं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. वैद्यकशास्त्र शिकायला आधी अक्षर हवं, हा आज्यावेक्षणाचाच नियम. आरोळ्यांनी बायकांना शाळेत पाठवून वाट पाहिली नाही. शास्त्रच चित्रांत, गाण्यांत, गप्पांत आणून बसवलं. या बायकांनी बाळंतपणं केली, जुलाब झालेल्या लेकरांना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला तो याच कामासाठी.

ॲप बदला म्हटलं की घरातले लोक एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात. एवढा खटाटोप कशाला? सून आहे, नातू आहे, वाचून दाखवतील की! माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि 1915 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी जाईपर्यंत केवढी तरी ग्रंथरचना केली. खरं आहे. पण गुलाबराव महाराजांसारखी बुद्धी आणि वाचून दाखवायला हौसेने बसणारे शिष्य किती आंधळ्यांच्या वाट्याला येतात? माझी सून मनापासून वाचते. पण निधनवार्ता ती गाळते, मला वाईट वाटू नये म्हणून. माझ्याबरोबर नोकरीला लागलेला माणूस गेला, हे मला बारावं झाल्यावर कळलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्यासाठी जो वाचतो तो आपल्यासाठी निवडतोही, आणि सेवा कितीही प्रेमाची असली तरी ही निवड परत मिळत नाही.

याचं अर्धं उत्तर पूर्वमीमांसेतच सापडतं, ही मजा आहे. फळाच्या इच्छेने केलेलं काम्य कर्म सर्व अंगांसह, बिनचूक व्हायला हवं. नित्य कर्माला मात्र यथाशक्तीची सूट आहे. एखादं अंग राहिलं तरी ते थांबवायचं नाही, कारण ते रोजचं आणि न चुकणारं. मग मला सांगा, वर्तमानपत्र, पेन्शन, विजेचं बिल, हरिपाठ हे काम्य की नित्य? जे रोज केल्याशिवाय जगता येत नाही तिथे विधीनेच वाकायचं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माध्यमांतला मजकूर सर्वांना मिळेल असा असावा, असं लिहिलेलं आहे. वेबसाठीचे सुगम्यतेचे जागतिक निकष 1999 पासून आहेत आणि त्यांतला पहिलाच नियम म्हणजे चित्राला शब्द द्या. नियमांची वाण नाही.

वाण आहे ती आपल्या सवयीत. ज्या ज्ञानेश्वरीने अट काढली तिचीच एक पीडीएफ मला कोणीतरी भक्तिभावाने पाठवली. पानांचे फोटो होते. फोन मुका झाला. दुसरी पाठवली, ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. अशा मजकुरात आतून रोमन अक्षरं असतात, वरून देवनागरीचा नुसता वेश. डोळ्याला ओवी दिसते, कानाला बाराखडीशी नातं नसलेली बडबड. शेवटी युनिकोडमधली एक प्रत भाचीने हुडकून दिली, तेव्हा कुठे नववा अध्याय ऐकला.

म्हणून संस्थानांच्या विश्वस्तांना, प्रकाशकांना आणि पंचांगवाल्यांना हात जोडून सांगतो: पोथ्या युनिकोडमध्ये टाका आणि ॲपातल्या बटणांना नावं द्या. आणि वाचकहो, येत्या एकादशीला विठ्ठलाचं चित्र पाठवाल आणि अभंग त्या चित्रावरच छापलेला असेल, तर तो खाली टाईपही करा. चित्राला माझा फोन नुसतं ‘फोटो’ म्हणतो, टाईप केलेला अभंग मात्र पूर्ण वाचतो.