साखळी, चाक आणि दैव

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत बर्फ पडत नाही. वळवाबरोबर क्वचित गारा येतात आणि पाहता पाहता विरून जातात. तथापि ऊस, दूध आणि रांजणगावची कारखानदारी यांच्या जोरावर ज्या घरांत चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली जीप आली आहे, त्या घरांतली तरुण मंडळी हिवाळ्यात मनालीचा रस्ता धरतात, आणि निघण्यापूर्वी गाडी रांजणगावच्या महागणपतीपुढे नेऊन तिला हार घालण्यास व चाकाखाली लिंबू ठेवण्यास चुकत नाहीत. या पूजेविषयी माझी तक्रार नाही. मात्र बर्फासाठी चाकांना साखळ्या कोणत्या घेतल्या, असे विचारले म्हणजे ‘गाडी फोर बाय फोर आहे, आणि देव आहेच की’ हे जे उत्तर मिळते, त्यात यंत्रशास्त्राची एक आणि धर्मविचाराची एक अशा दोन चुका परस्परांच्या आधाराने उभ्या आहेत.

पहिली चूक लवकर सांगून होते. इंजिनाची शक्ती चार चाकांत वाटली गेली, तरी चाकाने भूमी धरून ठेवण्याचे सामर्थ्य त्या शक्तीतून उत्पन्न होत नाही. ते घर्षणातून येते, आणि गोठलेल्या रस्त्यावर ते कोरड्या डांबरी सडकेच्या मानाने अगदी अल्प उरते. चढावर चारही चाकांची ओढ कामी येते हे खरे. परंतु उतारावर थांबायची वेळ आली म्हणजे, ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असल्यामुळे, या जीपची मातब्बरी तेथेच संपते. वस्तुतः भीमेच्या आणि घोडनदीच्या काठच्या माणसाला हे शिकवावे लागू नये. अवकाळी पावसात काळ्या रानात उसाची ट्रॉली रुतली म्हणजे जाणता ड्रायव्हर इंजिन पिळीत बसत नाही; खाली उतरून चाकापुढे पाचट आणि दगड टाकतो. साखळीमागची बुद्धी हीच. अमेरिकेत हॅरी वीड याने १९०४ साली टायरवरच्या साखळीचे पेटंट घेतले, ते चिखलात मोटारींच्या चाकांना दोर गुंडाळणारे लोक पाहून सुचले, असे सांगतात.

दुसरी चूक अधिक खोल आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. आचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे. परंतु मोटार हाकणाऱ्याने त्यात पायाखालची सडकही धरली, तर त्यांचा कोप होईल असे मला वाटत नाही. पहिल्या चारांची तजवीज न करता पाचव्याच्या नावावर सर्व जबाबदारी चढवणे याला आपण श्रद्धा म्हणतो. माझ्या मते तो देवाच्या दप्तरी केलेला खोटा जमाखर्च आहे. यावर कोणी शरणागतीचा दाखला देईल. पण शरणागतीत फल अर्पण करावयाचे असते. तयारी टाळण्याचा परवाना तीत कोठेही दिलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने तर, रथ जसा एका चाकावर चालत नाही तसे पुरुषकारावाचून दैव सिद्धीस जात नाही, असे स्पष्टच म्हटले आहे.

आणि साखळी विकत घेतल्याने केवळ ‘करण’ हाती येते. ‘चेष्टा’ शिल्लकच राहते. टायरच्या अंगावरचा आकडा वाचावा लागतो. २४५/७५ आर १६ साठी घडलेली साखळी २५५/६५ आर १८ च्या चाकावर नीट बसणार नाही. चाक आणि आतील ब्रेकची नळी यांत जागा किती, हे वाकून पाहावे लागते. शिडीच्या घडणीची साखळी पुढे-मागे चांगली धरते, पण आडवे घसरणे पुरेसे रोखत नाही; जाळीदार, चौकटीच्या घडणीची साखळी वळणावरही साथ देते, म्हणून घाटासाठी मी तीच पसंत करीन. एकच जोड असेल तर पेच पडतो: ती केवळ पुढे चढवावी, तर उतारावर मागची बाजू फिरण्याचा धोका, केवळ मागे चढवावी, तर पुढची चाके वळणाचा हुकूम मानीत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेची मनाई नसेल, तर दोन जोड घेणे हाच निर्वेध बंदोबस्त. त्यानंतरही थोडे अंतर जाऊन साखळी पुन्हा ताणावी लागते, ताशी सुमारे ५० किलोमीटरच्या आत राहावे लागते, आणि कोरडी सडक लागताच ती उतरवावी लागते, नाहीतर ती तुटते आणि टायरही खाते. सामर्थ्यवान गाडीच्या मालकाला हे सारे जाचते, कारण येथे पुरुषार्थ वेग वाढविण्यात नसून मर्यादा आपणहून पत्करण्यात आहे.

हिमवर्षावानंतर मनालीपुढे सोलंग व अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस बहुधा चारही चाकांच्या ओढीची किंवा साखळी लावलेली गाडीच सोडतात. या ‘किंवा’वर विसंबून राहू नये, चौकीवरची परवानगी उतारावर ब्रेक लावायला येत नाही. ज्यांनी आपल्या शिरूरच्या वा दौंडच्या अंगणात साखळी एकदाही चढवून आणि उतरवून पाहिलेली नाही, त्यांनी जीप मनालीत ठेवावी आणि पुढचा रस्ता तिथल्या जाणत्या ड्रायव्हरच्या गाडीतून पाहावा.