निवांत जागा

मनाला शांती हवी असेल तर एखाद्या जुन्या देवळात जाऊन बसावं, असं लोक सांगतात. मला हा सल्ला सगळ्यांत आधी आमच्या हिनं दिला. शांतता तिला स्वतःला हवी होती, हे जरा उशिरा लक्षात आलं.

गेल्या शरदात मेडशीला गेलो होतो. निमित्त वडिलोपार्जित घराच्या वाटणीचं. खोल्या चार, भाऊ दोन. चौथीतल्या पोरालाही सुटावं असं गणित. पण अंगणात एक कडुलिंब आहे आणि कडुलिंबाला दोनानं भागता येत नाही. दादाचं नि माझं असं जुंपलं, की वहिनींनी आणलेला चहा तसाच आत परत नेला. मी चपला सरकवल्या आणि मालेगावची एस.टी. धरली. तिथून शिरपूर.

शिरपूरला गावाबाहेर पवळीचं जुनं मंदिर आहे. आश्विनातलं ऊन, सोयाबीन निघून मोकळी झालेली वावरं, आणि दगडी भिंतीला पाठ टेकावी तर गार. एक खार सोडली तर कुणी नाही. हेमाडपंती म्हणतात त्या बांधणीत चुना नसतो. दगडावर दगड नुसता बसवलेला. शेकडो वर्षं ते एकमेकांचा भार सोसतात. आम्हा भावांच्या मध्ये चुना, सिमेंट आणि स्टॅम्पपेपर, सगळं होतं!

मग गावातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची आठवण झाली. ही मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. पूजा कुणी, कशी करायची यावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात वाद. 1905 साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तरी प्रकरण 1929 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1981 पासून चार दशकं देवळाला कुलूप होतं; ते 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघालं. ज्या देवाला टेकायला जमीनसुद्धा लागत नाही, त्याच्यासाठी एवढं! मी हसणार, तेवढ्यात आमचा कडुलिंब आठवला आणि हसू ओठांतच राहिलं.

चार दशकं त्या गाभाऱ्यात शांतता काही कमी नसणार. पण ती कुलपाची शांतता. खरं सांगायचं तर मला घरी तसलीच हवी होती : दादानं गप्प बसावं, की झालं. ज्याचं कुणाला काहीच वाटत नाही, त्यावरून कुणी भांडत नाही. तेव्हा न भांडणं हा काही दर वेळी सद्गुण नव्हे. कधीकधी ती नुसती बेपर्वाई असते. प्रश्न एवढाच, की आपल्याला देव हवा की देवावरचा हक्क? झाड हवं, की कागदावरची झाडाची नोंद?

रिक्षावाल्यानं विचारलं, "झालं काय जी दर्शन?"

"दर्शन कसलं, नुसता बसलो होतो."

"मंग बरं हाय. बसाले काई वाद नाही."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दादा कडुलिंबाखाली खाटेवर बसला होता. बोलला काही नाही. फक्त जरा सरकला. मी बसलो. खाट करकरली. वहिनींनी चहा आणला, या वेळी परत नेला नाही.

झाड कुणाचं, ते अजून ठरायचंय. खाट मात्र दोघांना पुरली.