खोट आणि खोटं

मराठीत 'खोट' या शब्दाच्या डोक्यावर एक टिंब दिलं की त्याचं 'खोटं' होतं. इतकं सोपं आहे ते. शुद्धलेखनात टिंबं गाळल्याबद्दल शाळेत मी पुष्कळ छड्या खाल्ल्या. पण हे एक टिंब द्यावं की न द्यावं, हा प्रश्न माझ्यापुढे खऱ्या अर्थानं उभा राहिला तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तोही साडूच्या मोटारीमुळे.

साडू हे नातं मुळातच नाजूक. एकाच घरातल्या दोन बहिणी दोघांनी केलेल्या, त्यामुळे तुलनेची तराजू कायम टांगलेली. आमचे भाऊसाहेब तर सर्वच पारड्यांत जड. ते मुलीकडे दीड महिना राहायला गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "अधूनमधून फिरवत राहा हो, नाहीतर बॅटरी उतरेल." ही मागून म्हणाली, "भाऊजींची गाडी आहे, जपून हं!" 'जपून' या शब्दावर तिनं दिलेला जोर अजून माझ्या कानात आहे.

आठ दिवस मी गाडी अशी चालवली की सायकलवाले ओव्हरटेक करताना वळून बघत. नवव्या दिवशी रात्री साडेदहाच्या सुमारास पाहुण्यांना पुणे स्टेशनवर पोचवून परत येत होतो. एकटाच होतो. रेडिओवर एक गाणं लागलं होतं. वाईट नव्हतं, पण मनुष्यस्वभाव! दुसरं बघावं म्हणून बटणाकडे हात नेला, नजरही गेली, आणि डावीकडच्या वळणावर पुढचं चाक फूटपाथच्या काठावर धाडकन आपटलं. उतरून पाहिलं. बाहेरून ओरखडासुद्धा नाही. रस्त्यावर माणूस नाही. एक कुत्रं होतं, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान टाकली. कुत्र्याच्या साक्षीवर कुणी विश्वास ठेवत नाही, या विचारानं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायपासवर काटा साठाच्या पुढे गेला आणि स्टीअरिंग थरथरायला लागलं. शिवाय मागून कुठूनतरी 'घूंऽऽ' असा आवाज, देवळात म्हातारे नामस्मरण करतात तसा. ही म्हणाली, "अहो, गाडी कापतेय का?"

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

हे पहिलं टिंब.

गॅरेजवाला मिस्त्री पिंपळाखाली स्टुलावर बसला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, कुठं आपटली?"

"आपटली वगैरे नाही बुवा."

"बरं," तो म्हणाला. या 'बरं'मध्ये मी आजवर ऐकलेलं सर्वात मोठं व्याख्यान होतं.

तो शेजारी बसला आणि मला चालवायला लावली. मोकळ्या उतारावर म्हणाला, "न्यूट्रल करा." इंजिन शांत झालं तरी घूं चालूच. "म्हणजे इंजिन निर्दोष. दोष चाकाकडे." मग उजवीकडे वळवायला लावली, आवाज वाढला, डावीकडे वळवली, कमी झाला. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणून भारानं कण्हणारं बेअरिंग डावीकडचं. थरथर स्टीअरिंगमध्ये येत असेल तर पुढचं चाक, सीटखालून येत असेल तर मागचं. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर डिस्ककडे बघायचं. पत्रा घासल्यासारखी बारीक किरकिर असेल, तर कधी कधी डिस्कमागची पातळ पत्र्याची ताटली वाकलेली असते. ती हातानं सरळ झाली की झालं. वकिलानं साक्षीदाराला घोळात घ्यावं तशी त्याची चौकशी चालली होती, आणि गाडी सगळं खरं सांगत होती. खोटं बोलणारा गाडीत एकच होता.

शेवटी त्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, डॉक्टरला खोटं सांगितलं तर गोळी चुकते. इथं चाक चुकतं. मी चारी खोलीन, पण मजुरी तुमची जाईल."

तत्त्वज्ञानानं जे साधलं नसतं ते मजुरीनं साधलं. मी सर्व कबूल केलं. रेडिओसकट.

त्यानं पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं. वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंना धरून हलवलं, खिळखिळ नव्हती. मग चाक फिरवून रिमजवळ खडू धरला. खडूची रेघ एकाच जागी उमटली. तिथं रिम वाकली होती. चाक काढून उलटं केलं, तर टायरच्या आतल्या अंगाला सुपारीएवढा फुगा. बाहेरून तो कधीच दिसला नसता. "आतले धागे तुटलेत. आता नुसतं रबर हवा धरून आहे," मिस्त्री म्हणाला. "याला पंक्चरसारखं ठिगळ नाही. टायर बदलायचा. घाटात, उन्हात, भरल्या गाडीत हा फुटला असता."

मग त्यानं मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. त्या रिमलाही एक पोचा होता, पण त्यावर गंज चढलेला. "घूं आवाज या बेअरिंगचा. हा मार जुना आहे. हे तुमचं काम नाही."

म्हणजे तो आवाज आधीपासूनच होता. मला तो ऐकू आला, कारण आपटल्यानंतरच मी ऐकायला लागलो. अपराधी माणसाचे कान फार तिखट असतात.

मी टायर बदलला, रिम बदलली, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतलं. थरथर गेली. बेअरिंग मात्र मालकाला विचारल्याशिवाय कसं बदलायचं? आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. मी म्हटलं, नुकसान भरून दिलं. आता सांगायची गरज काय? न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. शिवाय गंजलेल्या पोच्यानं मला आयता आधार दिला होता. विचारलंच, तर 'सगळं जुनंच होतं' म्हणायला वाव होता. अडचण एकच. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. ते मी नखांनी उपटता येतात का हे पाहिलं. येतात. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी पार्किंगमध्ये उकिडवं बसून टायरची हजामत करणारा माणूस आरशात बघण्यासारखा नसतो.

मला धर्मराज आठवला. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. अशा रथाचं चाक फूटपाथला लागायचा प्रश्नच नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला आणि रथ खाली आला. लक्षात घ्या, तोही तसा खोटं बोलला नव्हता. फक्त खऱ्यातला अर्धा भाग हळू आवाजात म्हणाला होता. तिकडे जर्मनीतला कांट त्याहून कडक. मित्राच्या जिवावर उठलेला खुनी दारात आला तरी खोटं बोलू नये, असं त्यानं 1797 साली लिहून ठेवलं. त्याला साडू होता की नाही, ते लिहिलेलं नाही.

पण माझा निकाल लागला तो या दोघांमुळे नव्हे. पैसे देऊन मी टायर परत केला होता, पण मिस्त्रीनं जाताना बजावलं होतं, "सस्पेन्शनलाही मार बसलेला असणार. आज ठीक आहे. महिन्याभरानं पुन्हा तपासा." ही माहिती मी खिशात ठेवली, तर भाऊसाहेब नातवंडांना घेऊन घाट उतरणार होते अशा चाकावर, ज्याची कुंडली फक्त मला ठाऊक. टायर भरून देता येतो. दुसऱ्याला ठाऊक असायला हवं ते आपल्याजवळ ठेवलं, तर ते कशानं भरून द्यायचं?

आणि दुसरी गोष्ट. त्या वळणावरून मी सकाळी मुद्दाम चालत गेलो. फूटपाथच्या काठावर टायरचा काळा पट्टा होता. त्याला लागून एक फुलवाली टोपली मांडून बसली होती, शेजारी तीन-चार वर्षांचा नातू. ती रोज तिथंच बसते. मी रात्री साडेदहाला आपटलो म्हणून ते 'चाक आपटणं' झालं. सकाळी आठला तोच हात त्याच बटणाकडे गेला असता, तर त्याला काय म्हणाले असते? 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या नावाखाली हाच पेच मांडला. हयगय तीच, परिणाम मात्र नशिबाचे; मग दोष मोजायचा कशावरून? मला एवढंच कळलं की माझी चूक टायरएवढी नव्हती. ती तेवढ्यावर निभावली होती.

भाऊसाहेब परतले त्याच संध्याकाळी किल्ली आणि पेढे घेऊन मी हजर झालो. सगळं सांगितलं. ते गप्प बसले. मग मेहुणीला म्हणाले, "जरा चहा टाकतेस का?" ती आत गेल्यावर खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "ते मागचं चाक माझं. फेब्रुवारीत डिव्हायडरवर घातली होती. हिला म्हणालो, रस्ता खराब आहे."

पंचवीस वर्षांत प्रथमच दोन्ही पारडी सारखी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून बेअरिंग बदलून आणलं.

तेव्हापासून मी रोज सकाळी त्या फुलवालीकडून एक गजरा आणतो. ही आधी खूश झाली, मग संशयानं बघू लागली. परवा तिनं सरळच विचारलं, "एकाएकी हे काय सुचलं?"

"सहज," मी म्हणालो.

खोट निघाली. टिंब अजून एक शिल्लक आहे.