अतिथिधर्म आणि माजघराचा उंबरठा

कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री अन्नावाचून राहिला आणि घरी परतलेल्या यमाला, सर्व प्राणिमात्रांचा हिशेब घेणाऱ्या त्या देवतेला, स्वतःच ऋणको होऊन रात्रीमागे एक याप्रमाणे तीन वर द्यावे लागले, ही कथा आपण बहुधा तिसऱ्या वराच्या ओढीने वाचतो आणि तिच्या आरंभी एका गृहस्थाची झालेली कुचंबणा नजरेआड करतो. दान आणि आतिथ्य यांतील भेद मला तिथेच स्पष्ट दिसतो. दाता देऊन मोठा होतो. यजमान देऊन केवळ मोकळा होतो. स्मृतिकारांनी अतिथिपूजेची गणना पंचमहायज्ञांत, गृहस्थाने नित्य फेडावयाच्या देण्यांत केली, ती याच जाणिवेने.

परंतु हे देणे कोणाकोणाचे, या प्रश्नाशी शास्त्र स्वतःच दुभंगते. अतिथीचे गोत्र विचारू नये, त्याचे अध्ययन विचारू नये, त्याच्या ठायी सर्व देव आहेत असे मनात धरावे, असे पराशरस्मृती निःसंदिग्धपणे सांगते. उलट मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही आणि वैश्य व शूद्र आले तर त्यांना सेवकांबरोबर जेवू घालावे असा दंडक आहे. समाजाने वंदन पराशराला केले आणि वहिवाट मनूची चालविली. ओटीवर कोणीही यावे, माजघरात मोजक्यांनी, आणि परदेशी मनुष्याला तर पाणी द्यावयाचे भांडेही निराळे, हा आपल्या घरांचा अलिखित कायदा होता. 1890 साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती यजमानांनी पुढे केलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात कसे ओढले गेले, हे सर्वश्रुत आहे. तिथे आपली माणसे पाहुणी होती, म्हणून ते प्रकरण मला अधिकच उद्बोधक वाटते. कारण परक्याच्या हातचे घेण्यास जो समाज अपराध मानतो, त्याने परक्याला दिलेले अन्न, ते कितीही सुग्रास असले तरी, आतिथ्य होऊ शकत नाही.

आमच्या घरी परदेशी पाहुणे प्रथम उतरले ते 'सर्वास' या संस्थेच्या द्वारे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 साली, डेन्मार्कमध्ये काही शांतिवादी तरुणांनी ती सुरू केली. निरनिराळ्या देशांतील सामान्य माणसांनी एकमेकांच्या घरी राहावे, पैशाची देवघेव नसावी, आणि अशा सहवासातून युद्धाचे मूळ असलेला परकेपणा क्षीण व्हावा, ही तिची धारणा. नेदरलँड्समधील एक शिक्षक दांपत्य दोन रात्रींसाठी आले. त्यांची वर्दी नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत सरकारदफ्तरी देणे भाग होते, आणि पारपत्रावरील नावनिशी उतरवून घेताना पराशराची आज्ञा मला आठवली. पण सरकारसाठी नाव विचारणे वेगळे आणि पाट कुठे मांडावा हे ठरविण्यासाठी विचारणे वेगळे, असे माझ्या मनाने घेतले.

पाट आईने माजघरातच मांडले. वरणभात, भरली वांगी, खोबऱ्याच्या वड्या असा साधाच बेत होता. जेवताना त्या बाईंनी माझ्यामार्फत आईला विचारले, "तुम्ही कधी जेवणार?"

"तुमची पंगत उठल्यावर," आई म्हणाली. "पाहुण्यांच्या आधी घरच्या बाईने जेवायचे नसते."

"आधी नको. पण आमच्याबरोबर?"

आईजवळ याचे उत्तर नव्हते, माझ्याजवळही नव्हते. दुसऱ्या दिवशी आईचे पान मांडले जाईपर्यंत त्या बाईंनी पहिला घास घेतला नाही, आणि आई, आयुष्यात बहुधा प्रथमच, पाहुण्यांच्या पंगतीला बसली.

त्या प्रश्नाने माझ्या विचाराला निराळे वळण दिले. महाभारताच्या आश्वमेधिकपर्वातील मुंगसाने सांगितलेली कथा आठवावी: दुष्काळात मिळालेले थोडेसे सातू भुकेल्या अतिथीपुढे ठेवताना एका गरीब ब्राह्मणाने सर्वांचा वाटा परस्पर उचलून दिला नाही, त्याने स्वतःचा दिला, मग पत्नीने तिचा, पुत्राने त्याचा आणि सुनेने तिचा. पत्नीचा आणि सुनेचा वाटा घेण्यास तर तो कचरत होता. त्यांनीच आग्रह केला. आतिथ्याचे पुण्य ज्याचे त्याने आपल्या वाट्यातून मिळवावयाचे असते, हे तिथे स्वच्छ आहे. नववधू, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी निःशंकपणे जेवू घालावे, असे तोच मनू सांगतो, आणि त्याचे हे वचन मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. घरधन्याचा अतिथिधर्म पिढ्यान्पिढ्या चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या कष्टांवर चालला आणि कीर्ती ओटीवरच्या माणसाची झाली, हा अन्याय आहे.

घराबाहेरच्या न्यायाचे म्हणाल तर तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1795 च्या शाश्वत शांतीवरील प्रबंधात परदेशी माणसाचा अधिकार मोजक्या शब्दांत बांधून दिला: परभूमीवर पाऊल ठेवल्याबद्दल त्याला शत्रू लेखले जाऊ नये, एवढाच तो अधिकार, पाहुणा म्हणून राहावयाचे तर वेगळा करार हवा. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराला हे तत्त्व पुरेसे आहे, आणि आजही तेवढे पाळले जात नाही हे दुःख आहे. तथापि ते वेशीपाशी थांबते. यमाला ज्या ऋणाची लाज वाटली ते उंबरठ्याच्या आतले आहे.

परदेशी पाहुण्याची बाब आता अवघड राहिलेली नाही. त्याला आपण कौतुकाने, क्वचित अभिमानानेही, पानावर बसवितो. त्याच शहरात भाड्याने खोली मागावयास आलेल्या देशबांधवाला मात्र आडनाव विचारून परत पाठविले जाते. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, दूरदेशीचे पाहुणे येण्याचा योग आला तर त्यांना अवश्य उतरवून घ्यावे, घरातील सर्वांनी त्यांच्या पंगतीला बसावे. पण त्याआधी केर काढणाऱ्या, गटार साफ करणाऱ्या माणसाला आपल्या घरी पाणी कोणत्या भांड्यातून दिले जाते याची चौकशी करावी, आणि ते भांडे निराळे असेल तर त्याच दिवशी मोडीत काढावे.